साडेपाचचा फोन आणि कपाटामागची वायर

इथले अनुभव मी गेली दोन वर्षं नुसते वाचतोय. वाचतो आणि मनातल्या मनात लिहिणाऱ्याची उलटतपासणी घेतो... हे वाऱ्याने झालं असेल, याला ॲसिडिटी असेल, या बाईंची झोप पुरली नसेल. माझा स्वभावच तसा आहे. ज्या गोष्टीची वायर सापडत नाही ती गोष्ट नसतेच, असं मी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, कैकदा ऐकवलंय. आज तिनेच म्हटलं, दुसऱ्यांचं एवढं वाचता तर आपलंही लिहून टाका. म्हणून लिहितोय. यात पांढरी साडी नाही, पिंपळ नाही, अमावस्या नाही. जे झालं ते टळटळीत उजेडात, संध्याकाळी साडेपाचला झालं. आणि यात कुणाची भीती वाटली पाहिजे असं कुणी असेल, तर तो मी आहे.

आम्ही मोहाडीचे. भंडाऱ्याहून तुमसरला जाताना लागणारं तालुक्याचं गाव. घर कोष्टी मोहल्ल्यात. आजोबा विणकर, बाबा विणकर. आता माग नाही. मागाचा खड्डा होता तिथे फरशी बसवली आणि त्यावर आमचा टीव्ही आहे. मी तालुक्याच्या एका कार्यालयात कॉम्प्युटरचं काम करतो. मोहल्ल्यात कुणाचं वायफाय गेलं, कुणाचा प्रिंटर रुसला की "राजूभाऊ, जरा पाहा ना" म्हणत लोक येतात. मीही हातातला घास ठेवून जातो. लोकांना वाटतं परोपकारी माणूस आहे. खरं सांगायचं तर "राजूभाऊशिवाय कोणाले जमत नाई" हे ऐकायला मी जातो.

आमच्या घरचा फोन जुना. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास लागला, तोच नंबर आजपर्यंत. मोबाइल आले तरी आम्ही तो ठेवला तो बाबांसाठी. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उजवा कान पूर्ण गेलेला, आणि डाव्याला त्या जड रिसीव्हरमधूनच तेवढं ऐकू येतं. मोबाइल कानाला लावला की ते नुसतं "हो हो" म्हणतात आणि परत देऊन टाकतात.

आणि तो फोन यायचा एकाच माणसाचा. शेवंताआत्याचा. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, तेव्हा तुमसरच्या पलीकडे चिखल्याला असायची. तिचे यजमान तिथल्या मँगनीजच्या खाणीत होते. ते वारल्यावर कंपनीचं क्वार्टर सुटलं, तेव्हा कॉलनीला लागूनच दोन खोल्या बांधून ती एकटी राहायला लागली. मुलगा दिनेश रायपूरला. आत्याला लिहिता-वाचता येत नाही. दिनेशने तिला बटनांचा मोबाइल घेऊन दिला आणि त्यात एक सोय करून ठेवली... दोनचं बटन दाबून धरलं की फोन थेट भावाच्या घरी. दिवसपाळीच्या माणसांना उतरवून कंपनीची गाडी गेली, की ती पायरीवर येऊन दोनचं बटन दाबायची. पायरीवरच तेवढं नेटवर्क येतं. इकडे साडेपाचला बाबा फोनजवळ खुर्ची ओढून बसायचे.

काय बोलायचे म्हणाल तर काहीच नाही. लहानपणी बाबा मागावर बसायचे आणि आत्या बाजूला बसून चरख्यावर कांड्या भरून द्यायची, म्हणजे सूत छोट्या नळीवर गुंडाळून द्यायची. तेव्हा जशा गप्पा चालत असतील तशाच. भाजी काय केली, शेळी काय करते, पाय दुखतो का. पाच-दहा मिनिटं. मग बाबा रिसीव्हर ठेवून चहा मागायचे.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. जुनी तांब्याची लाइन काढून घरात फायबर आलं होतं. नेट आणि फोन दोन्ही त्याच एका काचेच्या तारेतून, आणि कंपनीने दिलेल्या डब्याला मागे एक फोनची खाच. त्यात बाबांच्या फोनची वायर खोचली की काम झालं. वर्षभर काही तक्रार नव्हती. पण मागच्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं, आणि मला तर कंपनीचा डबा डोळ्यासमोर नको होता. मी इंटरनेटवर वाचून स्वतःचा राउटर मागवला. चांगला, चार अँटेनांचा, फोनची खाच असलेला.

लाइनीचं काम करणारा नरेश आला तेव्हा त्याने मला नीट सांगितलं होतं. "भाऊ, नेट चालन तुमच्या डब्यावर. पन फोनचा पासवर्ड वेगळा राहते, तो हापिसातूनच टाका लागते. तोवर आमचा डबा राहू द्या." ओट्यावर शेजारची दोन-चार माणसं बसली होती. मी हसलो आणि म्हटलं की तू खांबावर चढायचं काम कर, हे तुझ्या आवाक्यातलं नाही. मी कंपनीचा डबा त्याच्या हातात दिला आणि त्याला वाटेला लावलं.

नेट वीस मिनिटांत सुरू झालं. फोन झाला नाही. घरचा फोन असा फायबरवर चालवायचा तर राउटरमध्ये त्याची वेगळी माहिती भरावी लागते... नंबर, पासवर्ड, कंपनीच्या यंत्राचा पत्ता. पासवर्ड माझ्याकडे नव्हता. तीन संध्याकाळी मी अंदाजाने काय काय भरून पाहिलं. राउटरवरचा फोनचा दिवा काही लागेना. रिसीव्हर उचलला की नुसतं टुंग-टुंग-टुंग. नरेशला एक फोन केला असता तर दुसऱ्या दिवशी काम झालं असतं. पण ज्याला चारचौघांत तसं बोललो, त्याला कोणत्या तोंडाने बोलावणार?

बाबा येता-जाता रिसीव्हर उचलून पाहायचे. त्यांना ते टुंग-टुंग ऐकू येऊ नये म्हणून मी फोनची वायर राउटरमधून काढली आणि कपाटामागे ढकलून दिली. बाबांना सांगितलं, लाइनचं काम चाललंय, दोन-तीन दिवस लागतील.

चौथ्या दिवशी ऑफिसातून आलो तर बाबा खुशीत होते. "आला गा फोन. शेवंतीसंगं बोललो."

मला वाटलं सुनंदाने काहीतरी केलं. कपाटामागे वाकून पाहिलं. वायर होती तिथेच होती, टोकाच्या क्लिपवर कोळ्याचं जाळंसुद्धा लागलेलं. राउटरवर फोनचा दिवा बंद.

त्या वेळी मला काय वाटलं ते लिहितो, कारण तेच लिहायला बसलोय. मला भीती वाटली नाही, बाबांची काळजी वाटली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हातारा माणूस, वाट पाहून पाहून भास झाला असेल... बरं झालं, आता घाई नाही. नरेशच्या पाया पडायला नको. मी "हो का, छान झालं" म्हटलं आणि हातपाय धुवायला गेलो.

मग ते रोजचं झालं. रोज साडेपाचला बाबा बोलायचे आणि रोज मी आल्यावर मला बातम्या द्यायचे. शेवंतीची शेळी व्याली, दोन पिल्लं झाली. एकाच्या कपाळावर पांढरा टिळा आहे आणि त्याचा डावा कान मुडपलेला आहे. शेजारच्याने भिंतीला पोपटी रंग दिला, शेवंतीच्या डोळ्यात खुपते. मी सुनंदाला वायरीचं खरं सांगून टाकलं होतं. आम्ही दोघं मागच्या खोलीत जाऊन हसायचो की बाबांनी मनाने शेळीचा कानसुद्धा मुडपला. सुनंदा हसायची, पण नंतर म्हणायची, "वायर लावून द्या ना. नाहीतर सांगून तरी टाका त्यांना." मी म्हणायचो, दिवाळीनंतरची आपल्या गावची मंडई झाली की बघू.

एकदा अर्धी रजा टाकून मी मुद्दाम घरी थांबलो. साडेपाचला पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसलो. घंटी वाजली नाही. निदान मला तरी ऐकू आली नाही. पण ज्यांना शेजारी कुकरची शिट्टी ऐकू येत नाही त्या बाबांनी मान वळवली, उठले आणि रिसीव्हर उचलला. "बोल शेवंते." आणि मग ऐकायला लागले. मी चार हातांवर बसलेलो. नाटक करणारा माणूस थोडं थांबतो आणि पुढचं वाक्य म्हणतो. बाबा तसं करत नव्हते. ते समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायचे, मध्येच "हं" म्हणायचे, एकदा तर तोंड उघडून पुन्हा मिटलं, जसं पलीकडून कुणी मध्येच बोललं. मी उठून कपाटामागे हात घातला. वायरीचं टोक माझ्या बोटांना लागलं. अंगावर काटा आला हे कबूल करतो. मग मी स्वतःला समजावलं की वय झालंय, आणि पेपर पुन्हा उघडला.

त्यानंतर आठवड्याने पायाचं सुरू झालं. मी जेवायला बसलो होतो तेव्हा बाबा म्हणाले, "शेवंतीच्या पायाले खिळा लागला म्हनते. साखर हाय तिले. एकडाव जाऊन ये." मी हो म्हटलं. दोन दिवसांनी म्हणाले, पाय सुजला, दिनेशला सांगू नको म्हणते, तो कामावर आहे. मी म्हटलं रविवारी जातो. रविवारी मोबाइलवर क्रिकेट पाहत लोळलो. मग म्हणाले, अंगठा काळा पडून राहिला. तेव्हा मी चिडलो, आणि म्हणालो की बाबा, मला कामं असतात.

आता तुम्ही विचाराल, एक फोन का नाही लावला आत्याला? तिचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. सुनंदानेही हेच म्हटलं होतं. मी लावला नाही, कारण आत्या उचलल्याबरोबर पहिलं वाक्य काय बोलणार ते मला ठाऊक होतं... दादाचा फोन इतके दिवस काहून लागत नाही? आणि मग ते बाबांपर्यंत आलं असतं. बाबांचं बोलणं खोटं आहे हे मला पक्कं माहीत होतं. ते का माहीत होतं, ते मात्र कुणाला सांगायचं नव्हतं. एवढ्यासाठी मी तीन सेकंदांचं काम केलं नाही.

उलट मी बाबांना भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेलं. कान दाखवू म्हणून नेलं आणि त्यांना बाहेर बसवून डॉक्टरला हळूच सांगितलं की घरचा फोन कित्येक दिवस बंद आहे आणि वडील रोज त्यावर बोलतात. वायर मी काढली हे सांगितलं नाही. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले, झोप कमी आहे म्हणाले, आणि रात्री झोपताना द्यायला एक हलकी गोळी लिहून दिली. येताना एसटीत बाबा मला म्हणाले, "कानाचं काय म्हनलं गा डॉक्टर?" मी खिडकीबाहेर पाहत म्हटलं, चांगले आहेत.

मग मंडई आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... आमच्याकडे दिवाळीनंतर एकेका गावाची मंडई भरते. दुकानं, पाळणे, दंडार नावाचं लोकनाट्य, आणि घराघरात पाहुणे. लेकी-बहिणी येतात, ज्यांना बोलावलं नाही तेही येतात. आत्या दरवर्षी यायची. त्या वर्षी बाबा म्हणाले, शेवंतीला पाऊल टेकवत नाही, ती येणार नाही. माझ्या ऑफिसातली मंडळी संध्याकाळी पाचला चहा-चिवड्याला येणार होती, सासरचेही होते. मला एकच धास्ती होती. साडेपाचला बाबा उठणार, मुका रिसीव्हर कानाला लावणार आणि हे सगळे बघणार. त्यातल्या निम्म्या लोकांच्या घरची वायफायं मी लावून दिलेली.

दुपारी जेवणं झाल्यावर मी बाबांना ती रात्रीची गोळी दिली. बी.पी.ची आहे म्हणून दिली.

पाहुणे आले, चहा झाला, साडेपाच वाजून गेले. बाबा आतल्या बाजेवर गाढ झोपले होते. काही वाजलं नाही, मला हायसं वाटलं. सात वाजता पाहुणे निघायच्या बेतात असताना बाबा भिंत धरत बाहेर आले. डोळे तारवटलेले. म्हणाले, "शेवंतीचा फोन वाजून राहिला होता. कितीक वेळ वाजला. मले उठताच नाई आलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "बाबा, फोन बंद आहे. महिना होत आला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही... नुसतं पाहिलं. मग भिंत धरत आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेल्यावर, सुनंदा मागे धुणं धूत असताना, बाबा पिशवी घेऊन घराबाहेर पडले. मोहाडीहून तुमसर, तिथे गाडी बदलून चिखला. ज्या माणसाला मी कोपऱ्यावरच्या दुकानात एकटं पाठवत नव्हतो त्याने दोन एसट्या पकडल्या. साडेबाराला माझ्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला. एक बाई बोलत होती, आत्याची शेजारीण. "तुमचे बाबा आले हायत अठी. बाईले बरं नाई. गाडी घेऊन या."

ऑफिसातल्या एकाची कार मागून घेतली आणि निघालो. रस्ताभर मी बाबांवर चिडलेलो होतो. आत्याच्या गल्लीत वळलो आणि समोर भिंत आली. पोपटी. नवा रंग, खाली अजून थेंब सांडलेले. मी कार तिथेच बंद केली. उतरून अंगणात गेलो तर खुंटीला शेळी, आणि तिच्याभोवती उड्या मारणारी दोन पिल्लं. एकाच्या कपाळावर पांढरा टिळा. त्याने माझ्याकडे मान वळवली तेव्हा दिसलं... डावा कान मुडपलेला.

किती वेळ उभा होतो माहीत नाही. वास आला म्हणून भानावर आलो. वास घरातून येत होता.

आत्या सतरंजीवर पडलेली, तापाने फणफणलेली. बाबा जमिनीवर बसून तिचा पाय मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने पुसत होते. अंगठा आणि बाजूचं बोट कोळशासारखं काळं. शेजारीण सांगत होती की बाई कोणाला पाय दाखवतच नव्हती, पदर टाकून बसायची, काल संध्याकाळपासून उठली नाही तेव्हा कळलं. आत्याने डोळे उघडले आणि मला पाहून हसली. "आला का राजू? दादानं सांगतलं होतं, राजू येते म्हनून. मी वाट पाहून राहिली होती."

भंडाऱ्याला नेलं. दोन बोटं आणि पंजाचा पुढचा भाग काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी आणलं असतं तर बहुतेक ड्रेसिंगवर भागलं असतं. मी हिशेब केला. बाबांनी मला पहिल्यांदा सांगितलं त्याला अकरा दिवस झाले होते.

वॉर्डात तिला बरं वाटायला लागलं तेव्हा मी घाबरत घाबरत विचारलं, आत्या, तू रोज फोन करत होतीस? ती म्हणाली, करत होती ना. थोड्या दिवसांपासून त्यात आधी एक बाई काहीतरी हिंदीत बोले, मंग दादा ये. आवाज मात्र लय चांगला, दादा बाजूलेच बसला हाय असा. मंडईच्या दिवशी तेवढी ती बाईच बोलत राहिली, दादा काही आला नाही.

आणि मग ती जे बोलली ते मी या चार वर्षांत एकदाही विसरलेलो नाही. "तू नवा डबा बसवला म्हने घरी, चार शिंगांचा. दादा रोज सांगे. माह्या राजूनं सोताच्या हातानं बसवला, हापिसवाल्याइले बी जमत नाई म्हने. लय कवतिक तुयं."

मी तिचा मोबाइल हातात घेऊन पाहिला. केलेल्या फोनांच्या यादीत वीस ओळी होत्या, त्यापेक्षा जास्त त्यात राहत नाहीत. वीसच्या वीस आमच्या घरचा नंबर. सगळे साडेपाचच्या आगेमागे. किती वेळ बोलणं झालं तेही त्यात दिसतं. प्रत्येक ओळीपुढे शून्य मिनिट, शून्य सेकंद.

घरी आल्यावर मी नरेशच्या घरी गेलो. त्याच्या आईसमोर, बायकोसमोर माफी मागितली. बिचारा लगेच गाडी काढून माझ्याबरोबर आला. ऑफिसला फोन करून पासवर्ड नवा करून घेतला आणि माझ्याच राउटरमध्ये सगळं भरून दिलं. फोनचा दिवा लागला. दीड तासाचं काम. मी त्याला विचारलं की मधल्या काळात एखादा फोन कसाही, कुठूनही आला असू शकेल का. त्याने ऑफिसात चौकशी केली आणि सांगितलं, नाही. डबा बदलला त्या दिवसापासून आमचा नंबर त्यांच्या यंत्रात बंदच दिसत होता. "आन् वायरच नोहोती ना भाऊ तुमची लावलेली," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी मी बाबांसमोर खाली बसलो आणि सांगितलं. बाबा, फोन खरंच बंद होता. मला जमलं नव्हतं. वायर मीच काढून कपाटामागे टाकली होती.

बाबा म्हणाले, "मले मालूम होतं."

मी विचारलं, कसं?

"चष्मा पडला होता कपाटामागं, तो काढाले गेलो तं वायर दिसली. दुसऱ्याच दिवशी. म्हनलं, वायर तं लावूनच नाई. पन वाजे, तं उचलू. आता वाजते तं काय करू?"

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? मंडईच्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुम्हाला तसं बोललो, तेव्हा तरी का नाही?

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "एवढे लोक तुले मानतेत. तुले लाज वाटली असती."

मी चाळिशी ओलांडलेला माणूस, त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडलो. पलीकडे फोन नीट चालू होता.

आत्या आता आमच्याकडेच असते, शेळी आणि पिल्लांसकट. साडेपाचला बहीण-भाऊ दोघं बाजूबाजूला बसतात आणि शेळीबद्दल बोलतात. तो फोन कसा वाजत होता, हे मला आजही माहीत नाही. बाबा म्हणतात म्हणून मी मानतो की वाजत होता. पिल्लाचा कान मी स्वतः पाहिलाय, तेवढ्यापुरतं मलाही नाकारता येत नाही. यातली कुणाला तांत्रिक माहिती असेल तर जरूर सांगा, पण नरेशने जे तपासायचं ते तपासलंय आणि मीही. वायर सापडली नाही... म्हणजे सापडली होती, कपाटामागे, क्लिपवर जाळं घेऊन.

दुपारच्या गोळीचं मात्र मी कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांना नाही, आत्याला नाही. सुनंदालाही हे इथे वाचूनच कळेल. बाबांना सांगायचं म्हणून मी तीन-चारदा त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते मला काही बोलू देत नाहीत. दरवेळी मध्येच आत्याला हाक मारतात, किंवा चहा मागतात. मला भीती वाटते, तेही त्यांना माहीत असावं.